झेफरिनने गिळलेलं स्वप्न

झेफरिनइतका फटकळ माणूस आमच्या बेटावरच्या विंडवर्ड गावात दुसरा झाला नाही. चाळीस वर्षांत त्याने किनाऱ्यावर अकरा शिडाच्या बोटी बांधल्या, त्याही कागदावर एक रेघ न ओढता. दुसऱ्याने बांधलेली बोट दिसली की याचं तोंड सुटलंच. पाद्रीबाबांनी एकदा कौतुकाने नवी होडी दाखवायला आणली, तर हा म्हणतो, "फादर, हिच्यात बसणार असाल तर आधी कुणापाशी तरी पापांची कबुली देऊन या." लोक शिव्या घालायचे आणि बोट बांधायची झाली की मुकाट्याने याच्याच दारात यायचे. अशा माणसाने सख्ख्या बायकोशी नऊ दिवस खोटं बोलावं! सांगून कुणाला खरं वाटेल का?

त्यांचा एकुलता एक मुलगा केल्डन, सव्वीस वर्षांचा, एका सोमवारी सकाळी मासे मारायला गेला तो परत आलाच नाही. इंजिन बंद पडलं असणार. आमच्याकडे इंजिन बंद पडलं की वारा आणि प्रवाह मिळून होडीला पश्चिमेला ओढत नेतात, आणि तिकडे चार-दोन बेटं सोडली तर नुसतं पाणी. सरकारी बोटीने चार दिवस शोधलं आणि नाद सोडला. पाचव्या दिवशी ओरिस, केल्डनची आई, पाण्याचे डबे घेऊन किनाऱ्यावर उभी. नवऱ्याला म्हणाली, "शीड चढव. तुझी बोट काय लोकांच्या बोटींना नावं ठेवण्यापुरतीच आहे?"

निघाली दोघं. साठी उलटलेली माणसं, पण बोटीवर हात चालायला लागले की वय आठवत नाही. पहिला मुक्काम राँड बेटावर केला. तिथल्या कोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथून निघाल्यावर सुकाणू ओरिसच्या हातात देऊन झेफरिन शिडाच्या सावलीत जरा आडवा झाला, आणि त्याचा डोळा लागला.

केल्डन आला. अंगात जाताना घातलेला तोच निळा बनियन, ओलाचिंब. बापासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "डॅडी, भूक लागलीये."

याचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. जिवंत माणूस असा स्वप्नात येऊन जेवण मागत नाही. मेलेला मागतो, आणि त्याने मागितलं की घरच्यांनी त्याच्या नावाने ताट मांडायचं असतं.

झेफरिन दचकून उठला. ओरिसने लगेच विचारलं, "तुला काही दिसलं का रे?" असलं स्वप्न पडेल म्हणून ती स्वतः झोपायला घाबरत होती. पाठ टेकायची ती बसल्या बसल्या, आणि मान पडली की गालावर पाणी मारून घ्यायची. झेफरिनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाच दिवसांत बाई अर्धी झाली होती, आणि उरलेली अर्धी त्याच्या एका शब्दावर उभी होती. तो म्हणाला, "नाही. काही नाही दिसलं."

तिने केवढा मोठा श्वास सोडला! "बघ, म्हणजे आहे तो. कुठल्यातरी खडकावर बसून शिंपले फोडून खात असेल, गाढव." आणि ती चक्क हसली. त्या हसण्यापायी झेफरिन अडकला. त्यानंतर खरं सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

दोन दिवसांनी दोघं टेस्टिगोस बेटांवर पोहोचली. तिथे एक म्हातारा कोळी भेटला. भाषा कळेना, तेव्हा झेफरिनने हातवारे करून होडी, इंजिन, तरणा पोर, सगळं दाखवलं. कोळ्याने नकारार्थी मान हलवली. त्यांचे डबे भरून दिले, दोन मासे दिले, आणि ओरिसच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. "कुणी मेल्यासारखा काय हात ठेवतो! चल झेफ, पुढे चल."

"ओरिस, इथून पुढे गेलो तर परतताना वारा तोंडावर येईल. एक मैल मागे यायला तीन मैल आडवं फिरावं लागेल."

"मग फीर. तुला काय घाई आहे?"

पुढचे सहा दिवस विचारू नका. केल्डन आणखी दोनदा आला. बोलायचा नाही, नुसता बापाच्या हातांकडे बघत बसायचा. रोज सकाळी ओरिस विचारायची, "काही दिसलं का?" आणि रोज झेफरिन म्हणायचा, "नाही." एकदा धीर करून त्याने तोंड उघडलं, "ओरिस..." तिने इतक्या चटकन वळून पाहिलं की त्याने पुढचं गिळलं. म्हणाला, "काही नाही, ती दोरी ओढ."

त्या स्वप्नापासून नवव्या दिवशी एर्मानोस बेटांचे उघडे खडक आले. झाड नाही, पाणी नाही, नुसते पक्षी. ओरिस बोटीमागे बांधलेली छोटी होडी सोडून ती वल्हवत एका खडकाला लागली आणि हाका मारत वर चढली. बोटीवर झेफरिन एकटा राहिला. त्याने चूल पेटवली, मक्याचं पीठ शिजवलं, सकाळी गळाला लागलेली तांबोशी उकडली. ती परत यायच्या आत पोराचा वाटा पाण्यात सोडायचा आणि बाकीच्यात मीठ घालायचं, असा त्याचा बेत होता. कारण मेलेल्याचं ताट आमच्याकडे बिनमिठाचं करतात.

पण ओरिस लवकर परतली. वर काही नव्हतं, म्हणाली. पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता, तिने पातेल्यात बोट घालून चाटलं. मग पुन्हा चाटलं.

"मीठ कुठाय?"

झेफरिन जाळ सारखा करायला लागला.

"झेफ, मीठ कुठाय?"

"घालणार होतो."

तिने त्याच्या हातातलं ताट पाहिलं. एकच ताट, भरलेलं. मग तिने विचारलं, "कधी आला होता?"

"राँडहून निघालो त्या दुपारी."

"काय म्हणाला?"

"भूक लागलीये म्हणाला."

ओरिस दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. त्याने हात वर केला नाही. "तुला कसं सांगणार होतो गं? तुझं तोंड बघवत नव्हतं मला!"

"माझं तोंड? माझं तोंड बघत बसलास आणि पोर तुझ्याकडे जेवायला मागत होतं! दुसऱ्याच्या बोटीत फट दिसली की गाव गोळा करतोस ना रे तू? तेव्हा बरी जीभ चालते!"

झेफरिन मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. ओरिसने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने पिठाची पिशवी ओढली आणि सगळी मोठ्या भांड्यात उपडी केली.

"अगं, परतीला आपण काय खायचं?"

"नऊ दिवसांचा उपाशी आहे तो," ती म्हणाली. "एवढ्याशाने काय होतंय त्याचं? ऊठ, जाळ वाढव."