ठकीचा उजवा हात

संस्थेत त्यांना सगळे हाडवाले म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, आणि ते तिथंच राहिलं. माणूस माणूस कसा झाला याचा त्या संस्थेत अभ्यास चाले. त्यासाठी वानरं लागत, जिवंत आणि मेलेलीही. जिवंत वानरं सांभाळायला हाडवाल्यांच्या बायकोकडे, मेलेली हाडं साफ करून ठेवायला त्यांच्याकडे. "तुमची गिऱ्हाइकं बरी, चावत नाहीत," बायको म्हणायची. "तुझी शेवटी माझ्याकडेच यायचीत," ते म्हणायचे. या विनोदावर दोघं उभा संसार हसली. ठकी गेली आणि घरात तो विनोद परत कुणी केला नाही.

ठकी म्हणजे चिंपांझी मादी. पिल्लू होती तेव्हापासून बायकोनंच वाढवलेली. पोटची मुलगी लग्न होऊन गेली तरी अजून कुरकुरते, की आईला माझ्या वाढदिवसापेक्षा ठकीचा कुठला दात हलतोय ते जास्त लक्षात असायचं. मुलीचं काही फार चुकतही नाही.

बहुतेक माणसं उजव्या हाताचीच का, हा तिथल्या मॅडमचा विषय. पिंजऱ्यात ठकीसमोर अक्रोड आणि दगड ठेवायचे आणि ती कुठल्या हातानं फोडते ते बघायचं. बायको गजांच्या अलीकडे बसून स्वतः फोडून दाखवायची. बायको पक्की डावखुरी, ठकी उजव्या हाताची. मग एके वर्षी मधेच ठकीनं हात बदलला. दगड डाव्या हातात घेतला तो कायमचा. वानर माणसाचं बघून नुसतं कामच उचलत नाही तर हातसुद्धा उचलतं, असं मॅडमनी लिहिलं. त्या लेखानं संस्थेचं नाव झालं. दोघी समोरासमोर बसून डाव्या हातानं अक्रोड फोडताहेत असा मोठा फोटो दर्शनी भिंतीवर लागला, खाली तसं सांगणाऱ्या पाटीसकट.

बायकोला त्या फोटोचं किती अप्रूप होतं, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लहानपणी शाळेत बाई डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारायच्या. घरी जेवताना आई तो हात पदरानं बांधून ठेवायची. मार खाऊन खाऊन लिहायचा हात तेवढा उजवा झाला, बाकी सगळं डावंच राहिलं. "सगळ्यांनी मला सरळ करायला घेतलं," ती म्हणायची, "आणि या एका जिवानं माझं बघून आपला हात बदलला." हे म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

घरी पाहुणे आले की ती ठकीचा किस्सा हटकून सांगायची. "त्या दिवशी पिंजऱ्याचं सरकतं दार माझ्या हातून सटकलं आणि धाडकन खाली आलं. एवढ्या आवाजानं बाईसाहेब रुसल्या! कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून बसली. डॉक्टर बाहेरूनच बघून म्हणाला, काही नाही, नाटकं आहेत. मीही मग केळं दाखवून चिडवायची तिला, रुसूबाई रुसू म्हणून. बरेच दिवसांनी एकदाची आली पुढं, आणि पठ्ठीनं दगड उचलला तो डाव्या हातानं!" पाहुणे हसायचे. हाडवालेही हसायचे. शंभरदा ऐकलेला किस्सा, त्यात आणखी काही ऐकायचं राहिलं असेल असं कुणाच्या मनात येणार?

ठकी म्हातारपणानं गेली. नियमाप्रमाणे तिला हाडवाल्यांच्या खोलीत आणलं. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका," एवढंच बायको म्हणाली. त्यांनी लावू दिला नाही. कोमट पाण्यात हाडं भिजवायची, मऊ ब्रशनं घासायची, जाळीवर वाळत घालायची, सगळं त्यांनी एकट्यानं केलं. संध्याकाळी घरी गेले की बायको अंगाचा वास येतो म्हणून एरवी आधी न्हाणीघरात पिटाळायची. त्या दिवसांत पिटाळायची नाही, नुसती जवळ येऊन बसायची.

मग उजव्या हाताची पाळी आली. मनगटाच्या वर हाडाला गाठ होती आणि तिथून ते वाकडं झालं होतं. असली हाडं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मोडलेलं, कुणी न बांधलेलं, आपलं आपणच जुळलेलं हाड. डाव्या हाताचं त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं. ते सरळ, गुळगुळीत. हाडवाले स्टुलावर बसले. धाडकन पडलेलं दार, कोपऱ्यातला रुसवा, बदललेला हात, सगळा किस्सा त्यांनी मनात परत ऐकला आणि या खेपेला दार कशावर पडलं तेही त्यांना ऐकू आलं.

खणात कानस होती. जरा घासलं असतं तर गाठ गेली असती. वाकडेपणा कुणी फारसा मनावर घेतला नसता. त्यांनी कानस काढलीसुद्धा. पण जन्मभर हाडांना जपत आलेला हात, तो काही पुढं जाईना. तेवढ्यात मॅडम आल्या.

मॅडमना समजावून सांगावं लागलं नाही. दोन्ही हाडं घेऊन त्या खिडकीच्या उजेडात गेल्या. "तिचा हात दुखत होता," त्या म्हणाल्या. "तेवढंच होतं ते. मी मात्र केवढं लिहून बसले." मग म्हणाल्या, "मला हे छापून दुरुस्त करावं लागेल. फोटोखालची पाटीही काढावी लागेल. घरी त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," हाडवाले म्हणाले.

आणि सांगेनात. उद्या सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं करत दिवस ढकलत राहिले. शेवटी एका दुपारी बायकोच डबा घेऊन खोलीत आली. "वाळली ना आता? बघू द्या मला."

हाडं टेबलावर जागच्या जागी मांडलेली होती. उजव्या हातावर फडकं होतं. ते तिनं सहज बाजूला केलं आणि हात हातात घ्यावा तशी आधी बोटांची हाडं चाचपली. मग मनगट.

"हे काय हो?"

हाडवाल्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "म्हातारपणी होतं असं. हाडं वाढतात."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. "उभ्या जन्मात एकदा तरी धड खोटं बोललात का?"

"मोडलं होतं," ते म्हणाले. "आणि तसंच जुळलं."

"कधी?"

ते सांगायची गरजच नव्हती. बायकोच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की ती आता स्वतःचाच किस्सा स्वतःला सांगतेय, आणि दारापाशी पोचलीय. तिनं स्टूल ओढलं.

"मी चिडवत होते हो तिला," ती म्हणाली. "केळं दाखवून."

"तुला काय माहीत? डॉक्टरलासुद्धा कळलं नाही."

"वेळेवर बांधलं असतं तर?"

"सरळ जुळलं असतं."

तिनं गाठीवरून अंगठा फिरवला. रडली असती तर बरं झालं असतं, असं हाडवाल्यांना वाटलं. डबा तसाच गार होत होता.

"म्हणजे माझं बघून नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिनं मान हलवली. मग पदरानं हात पुसले आणि विचारलं, "अजून काय काय राहिलंय हिचं?"

"नंबर घालायचे. प्रत्येक हाडावर, शाईनं."

"आणा इकडं पेन."

ते वाकडं हाड तिनं डाव्या हातात अलगद धरलं. लिहायचा तिचा हात उजवा. बारीक, ठसठशीत आकडे तिनं गाठीच्या जरा खाली काढले आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

"मला उजवा हात मारून शिकवला," ती म्हणाली. "हिला डावा मी शिकवला."

आणि पुढचं हाड मागितलं.