टेबलावर दोनदा टकटक

माझा धाकटा भाऊ सुहास हाउन्सलोला राहतो. त्याचं घर हीथ्रो विमानतळाच्या इतकं जवळ आहे की उतरताना मी त्याचं छप्पर नक्की पाहिलं असणार, असं तो छातीठोकपणे सांगतो. मला तर सगळी घरं सारखीच दिसली. लाल कौलं, मागे हातरुमालाएवढी हिरवळ आणि दोरीवर घातलेले कपडे, जे त्या हवेत कधी वाळतील असं वाटत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी भाऊबीजेला भावाच्या घरी जाण्याचा योग आला होता, म्हणून मी खुशीत होते. बॅगेत चकल्या होत्या, चिवडा होता आणि मेतकुटाची एक भलीमोठी पुडी होती. ती पुडी विमानतळावरच्या माणसाने उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि घाईघाईने परत दिली.

घरी सुहासची बायको मेघा आणि त्यांची लेक इरा दारातच उभ्या होत्या. इरा नववीत आहे, जन्म इथलाच. तिने मला मिठी मारली आणि आठवून आठवून म्हणाली, "आत्या, तुझी फ्लाइट चांगला होता?"

सुहास, मेघा आणि मी एकदम हसलो. "किती गोड बोलते गं!" असंही मी म्हणाले. इराही हसली, पण त्यानंतर तिने जे इंग्रजी सुरू केलं ते सोडलंच नाही. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. दोन-चार दिवसांत मलाही ते अंगवळणी पडलं.

सुहास विमानतळावर कार्गोत काम करतो. शिफ्ट संपवून आला की बूट काढता काढता त्याचा एकच प्रश्न असायचा, "काय ताई, करमतंय ना?"

"करमतंय हो," मी म्हणायची. खरं तर दुपारी साडेचारला अंधार पडायचा आणि पायात दोन-दोन मोजे घालूनही बोटं गार राहायची.

तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने बॉम्ब टाकला. "ताई, इराच्या मादामने तुला इन्व्हाइट केलंय. थर्सडेला. क्लासशी तासभर गप्पा मारायच्या, फ्रेंचमध्ये."

हातातला घास मी परत ताटात ठेवला.

इथे थोडं सांगायला हवं. इराची शाळा आपल्या नेहमीच्या शाळेसारखीच आहे, फक्त तिच्यात एक इंटरनॅशनल सेक्शन आहे. त्यातली निम्मी मुलं लंडनमध्ये राहणाऱ्या फ्रेंच घरांतली आणि निम्मी इराप्रमाणे इतर घरांतली. भूगोल फ्रेंचमध्ये, विज्ञान इंग्रजीत, इतिहास आणि साहित्य दोन्ही भाषांत. इराला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा "आत्याचं रक्त आहे" असं सुहासने फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. कारण मी पुण्यात एका ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकवते.

आता ज्युनिअर कॉलेजातलं फ्रेंच म्हणजे काय, हे पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे ती बोलायची भाषा नव्हे, मार्क मिळवायची भाषा आहे. अकरावीला पोरं येतात, बारावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव घेऊन इंजिनिअरिंगला जातात, आणि पेढे द्यायला येतात तेव्हा "बोंझूर" एवढंच लक्षात असतं. त्यांना हसण्यात अर्थ नाही. मी स्वतः आयुष्यात एकाही फ्रेंच माणसाशी फ्रेंचमध्ये बोलले नव्हते. कॅसेटमधल्या लोकांचं ऐकलं होतं, पण त्यांना उत्तर द्यावं लागत नाही.

"मला नाही जमायचं. कळवून टाक तसं," मी म्हणाले.

"आत्या, प्लीज," इरा म्हणाली. "आय टोल्ड एव्हरीवन. दे ऑल नो यू टीच फ्रेंच."

पोरीने वर्गभर माझी कॉलर ताठ करून ठेवली होती. आता नाही म्हटलं असतं तर नाक तिचं कापलं गेलं असतं. मी हो म्हटलं आणि मागच्या खोलीत दार लावून भाषण पाठ करायला बसले. विषय घेतला 'पुणे शहरातील एक सकाळ'. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं, तेवढ्यापुरतं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

गुरुवारी सकाळी इराबरोबर दुमजली बसने निघाले. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. झाडांच्या फांद्या काचेला घासत होत्या आणि मी ओठातल्या ओठात पुण्याची सकाळ घोकत होते. अर्ध्या वाटेत बस थांबली आणि ध्वनिवर्धकातली बाई गोड आवाजात म्हणाली की ही बस आता इथेच संपत आहे. मी घाबरून इराकडे पाहिलं. बाकीचे लोक वर्तमानपत्रं घडी करून मुकाट्याने उतरू लागले.

"रोडवर्क्स, माय लव्ह," माझ्या मागच्या एक आजीबाई म्हणाल्या. "शाळेत ना? दहा मिनिटांचं तर चालणं आहे."

इंग्लंडमधली म्हातारी माणसं चालण्याच्या बाबतीत धादांत खोटं बोलतात. एक लांबलचक बाग, मग तळं, मग दुसरी बाग असं पार करत, भुरभुर पावसात आम्ही शाळेत पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि पुण्याची सकाळ डोक्यातून साफ पुसली गेली होती.

मादाम दारातच भेटल्या. आखूड केस, पायात धावायचे बूट, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. त्या भराभर काहीतरी बोलल्या, मी "वुई, वुई" (हो, हो) म्हणत राहिले. आधी त्यांचा इतिहासाचा तास होता. मला मागच्या बाकावर बसवलं.

तासाला इंग्रज आणि फ्रेंच यांची एक जुनी लढाई चालली होती. हीच लढाई मुलं दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या शिक्षकांबरोबर इंग्रजीत शिकली होती. म्हणजे मंगळवारी इंग्रजीत जिंकायचं आणि गुरुवारी फ्रेंचमध्ये हरायचं. मग कोणाचं पुस्तक काय लपवतं यावर भांडायचं. भांडत होती मात्र मनापासून.

मध्येच एका मुलीने बाकावर दोनदा टकटक केली. मला वाटलं, आता हिला मादाम बाहेर काढणार. तसं काही झालं नाही. मुलीला 'चिखल' हा शब्द फ्रेंचमध्ये आठवत नव्हता. तिने टकटक केली, शब्द इंग्रजीत टाकला आणि वाक्य पुढे रेटलं. शेजारच्या मुलाने हळूच फ्रेंच शब्द पुरवला. कोणी हसलं नाही, कोणी थांबलं नाही. थोड्या वेळाने एक फ्रेंच मुलगाही तसाच अडला, त्याला तिसऱ्याने सोडवलं. या सेक्शनची ही रीतच आहे. शब्द अडला की टकटक करायची, हाती असेल त्या भाषेतला शब्द ठेवायचा आणि पुढे चालायचं. ज्याला माहीत असेल तो देतो.

मला ते अजिबात पटलं नाही. तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्द घुसडला की मी अर्धा मार्क कापते. असे लाड केले तर पोरं शिकणार कधी, असं मी मनाशी म्हणत होते, तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

पहिली चार-पाच वाक्यं आठवली ती म्हणून टाकली. मुलं शाळेच्या समारंभात पाहुण्यांचं ऐकतात तशी सभ्यपणे ऐकत होती. वाक्यं संपली. मी पाणी प्याले. मग पुढच्या बाकावरच्या एका सर्दी झालेल्या मुलाने प्रश्न विचारला, आणि मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. कॅसेटमधली माणसं किती हळू बोलायची बिचारी! मी पुन्हा विचारायला सांगितलं. तो नाक पुसून म्हणाला, "तुमच्याकडे आजारी पडल्यावर काय खातात?"

एवढं जमण्यासारखं होतं. भात सांगितला, मऊ शिजवलेला. वर तूप, तेही कसं कढवतात ते सांगितलं. आणि त्यावर... त्यावर मेतकूट. मेतकुटाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, इरा खिडकीशी मान खाली घालून बसलीय, कानाच्या पाळ्या लाल. आता हिची लाज जाणार, या विचाराने मला रडू यायचंच बाकी होतं.

माझा हात आपोआप टेबलावर गेला. टक टक.

"मेतकूट," मी म्हणाले.

वर्ग एकमेकांकडे बघू लागला. मराठी शब्द देणार कोण? मग खिडकीशी खुर्ची सरकली. इरा उभी राहिली आणि फ्रेंचमध्ये सांगू लागली. डाळी आणि तांदूळ भाजतात, दळतात, त्यात हळद आणि हिंग असतो. हिंगाला तिलाही शब्द नव्हता, मग तिनेही टकटक केली आणि मादामनी तो दिला. पिवळी भुकटी असते, ती म्हणाली. आई ती भातावर घालते आणि आपल्या हाताने कालवते, कारण आपण आजारी असतो आणि आपल्याला कोणाशी बोलायचं नसतं.

मधे इंग्रजी आलंच नाही. माझं मराठी उचललं आणि थेट फ्रेंचमध्ये ठेवलं. जी मुलगी घरात माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलत नव्हती, तिला सगळं येत होतं. मला इतका आनंद झाला की पुढचा प्रश्न काय होता तेच आठवत नाही. पण नंतर माझी भीड पार चेपली. मंडई, रिक्षावाले, दुपारी एक ते चार बंद असणारी दुकानं, सगळं सांगितलं आणि इतकी टकटक केली की इराला मधे पाणी प्यावं लागलं.

"तुमचं फ्रेंच फार सुंदर आहे," तास संपल्यावर मादाम म्हणाल्या. "अगदी माझ्या आजोबांसारखं." ही स्तुती होती की काय, याचा मी अजून फारसा विचार केलेला नाही.

दुपारी मुलांबरोबर काँतीनमध्ये (शाळेच्या जेवणघरात) जेवले. भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर गोडसर राजमा. फ्रेंच मुलं पावाला नावं ठेवत होती, इंग्रज मुलं निमूट खात होती. मला भूक लागली होती, मी सगळं संपवलं.

परतताना बस शेवटपर्यंत गेली. मी इराला विचारलं, "एवढं मराठी येतं, मग घरी का नाही बोलत?"

ती बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही सगळे हसता. आय नो की प्रेमाने हसता. पण मग मी काय बोलत होती ते कोणी ऐकतच नाही."

मी तिचा हात हातात घेतला, तो माझ्याहून गरम होता.

त्या रात्री जेवताना इराने ताटाशेजारी टकटक केली. "आई, मला तो मोठा चमचा दे. तो... आमटीचा."

"डाव," मी म्हणाले.

सुहासने हसायला तोंड उघडलं होतं. मी परीक्षेत सुपरव्हिजन करताना बघते तसं त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंडात चकली घातली. जेवण संपेपर्यंत टेबल बरंच वाजलं.

पुढे सगळे मिळून ब्रिस्टलला गेलो. तिथे माझी कॉलेजातली मैत्रीण लेकाकडे आली होती, तो विमानांच्या इंजिनांवर काम करतो. गावात इतके चढउतार की टेकड्यांवर फिरणारे पुणेकर तिथे सुखाने राहतील. नदीवर उंच झुलता पूल आहे. इराने तिथे वाऱ्यात ओरडून ओरडून मला मराठीत काहीतरी सांगितलं, त्यातलं निम्मं वाऱ्याने नेलं आणि उरलेलं मी न दुरुस्त करता ऐकलं. इतक्या वर्षांच्या सवयीपुढे ते सोपं नव्हतं.

आता पुण्यात परत आले आहे. वर्गात नवी रीत सुरू केली, तेव्हा मुलांना आधी वाटलं मॅडमना थंडी बाधली. आता बाकं इतकी वाजतात की शेजारच्या वर्गातले केमिस्ट्रीचे सर सुतारकाम काढलंय का म्हणून विचारून गेले. मार्कांचं काय होईल ते फेब्रुवारीत कळेल. पण परवा एक मुलगी सलग फ्रेंचमध्ये आपल्या मांजरीबद्दल बोलली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या विद्यार्थ्याचं मांजर ओळखू लागले.

घरी मात्र संध्याकाळ मोठी वाटते. काल सुहासचा व्हिडिओ कॉल आला. मागे विमान गेलं, तेवढं तो थांबला आणि सवयीने म्हणाला, "काय ताई, मग? ऊन, कॉलेज, सगळं आपलं. मजेत ना?"

"मजेत रे," मी म्हणाले. "फक्त इरा नाही ना इथे, त्यामुळे जरा..."

पुढचा शब्द सापडेना. मी फोनशेजारी टेबलावर दोनदा टकटक केली.

सुहासला काही कळलं नाही. त्याच्या मागून, स्वयंपाकघरातून, इराचा आवाज आला.

"करमत नाही."