देवघरातले ढेकूण

भक्तनिवासात मुक्काम म्हटलं की मी आधी ढेकूण शोधते. मागच्या वेळी सासूबाईंना घेऊन कुलदैवताला गेले, तेव्हा खोलीत शिरल्या शिरल्या मोबाइलच्या टॉर्चने गादीची शिवण न् शिवण तपासली. काळे ठिपके दिसताच गाद्या दाराबाहेर काढल्या, फरशीवर घरची सतरंजी अंथरली आणि बॅगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून खुंटीला टांगल्या. प्रसादाच्या कापडी पिशवीला मात्र सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. ती उशाशी घेऊन त्या झोपल्या.

निगडीला परतल्यावर सगळे कपडे मी बाल्कनीतच कडकडीत पाण्यात बुडवले.

"आई, ती पिशवीपण उन्हात ठेवा."

"परसाद आधी देवापुढं ठेवत्यात. उन्हात न्हाई," म्हणत त्यांनी पिशवी थेट देवघरात नेली.

आठवडाभरात देवांखालच्या लाल वस्त्राच्या घडीत ढेकूण सापडले. माझं डोकंच फिरलं. चाकणच्या कंपनीत हाफ डे टाकून औषध फवारणाऱ्याला बोलावलं. त्यानं पलंग, सोफा, पडदे सगळं फवारलं आणि देवघरापाशी येऊन हात जोडले.

"इथं नाही मारत मी औषध, ताई. देवाची जागा आहे."

मी तणतणत होते. सासूबाईंना मात्र त्याचं एवढं कौतुक वाटलं, की उरलेला प्रसाद त्यांनी त्याला देऊन टाकला. पिशवीसकट.