ब्राँक्समधली लेझीम

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं दुःख ठरलेलं आहे. सिंगापुरात भारतीय म्हटलं की लोकांना तमिळ आठवतात, फार तर पंजाबी. मराठी माणसाचं नाव कोणी घेत नाही. प्रत्येक कार्यक्रमात ते हे सांगतात. मीही टाळ्या वाजवतो, कारण तक्रार खोटी नाही.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या मुलीचा हिपहॉप नाच होता. नाचाआधी तिला दोन मिनिटं बोलायचं होतं. तिचे नाचाचे सर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वाढले, घर मूळचं पोर्तो रिकोचं. गाण्यात मध्येच गाणारा थांबतो आणि नुसती काँगा-बोंगो या ढोलांची थाप उरते, त्या तुकड्यावर हिपहॉप उभं राहिलं. ती थाप कॅरिबियन बेटांवरून आलेली आणि त्यावर नाचणाऱ्यांत पोर्तो रिकोची पोरं कितीतरी. सरांचे वडील त्यांतलेच. पण इतिहास सांगताना या लोकांना वगळतात, हे सरांचं दुःख. घरात मराठी प्रश्नाला सिंगापुरी इंग्रजीत ‘कॅन लाह’ म्हणणाऱ्या माझ्या मुलीने हे सगळं मराठीत पाठ केलं आणि सरांना ऐकायला बोलावलं. त्यांना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. पहिल्या दोन प्रायोजकांच्या.

शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय यांत वेळ संपला. सचिव विंगेत आले.

“बेटा, भाषण राहू दे हं. डायरेक्ट नाच.”

“काका, सर आलेत ना त्यासाठी!”

“अगं, पोर्तो रिको कुणाला माहितीय इथे?”

ती नाचली. छान नाचली. मग प्रमुख पाहुण्यांनी माईक घेतला. “हे बाहेरचं समजू नका! हा ताल, ही कसरत, ही आपली लेझीमच आहे. तिकडे जाऊन नाव बदललं, एवढंच.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सर्वांत जोरात अध्यक्ष.

मुलगी खाली येऊन सरांशेजारी बसली होती. पाहुणे काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. तिने काहीही न गाळता सांगितलं.

“अच्छा,” ते इंग्रजीत म्हणाले, “आता तुम्हीसुद्धा.”

ते जेवायला थांबले नाहीत. ती त्यांना एमआरटीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला गेली आणि तशीच घरी निघून गेली. स्मृतिचिन्हासाठी तिचं नाव पुकारलं तेव्हा मीच वर गेलो. अध्यक्षांनी माझा हात प्रेमाने दाबला.

“पुढच्या वर्षी सरळ लेझीमच बसवायला सांगा तिला.”