अक्काच्या विहिरीवरचा फेस

अक्काची विहीर मी बिघडवली, तिच्या मुलाने नाही. हे मला गेल्या उन्हाळ्यातच चारचौघांत सांगायचं होतं. तेव्हा मी चहा पीत गप्प बसलो.

मी अमळनेरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गाव भडगावजवळ. शेत मोठा भाऊ पाहतो. आमच्या शेताच्या उताराला अक्काचा भाजीपाल्याचा मळा. ती नात्यातली नाही, पण तिच्या ओसरीवर मी लहानाचा मोठा झालो. मळ्यातली मेथी-कोथिंबीर घेऊन ती भडगावच्या बाजारात बसायची.

शेतातल्या आमच्या गोठ्यामागे कपाशीवर फवारायच्या जुन्या औषधाचा डबा गंजून फुटला होता. जमिनीला उग्र वास यायचा. भावाला तिथे चारा रचायचा होता.

"तुन्ही केमिस्ट्री काय सांगस?" त्याने विचारलं.

"तेलकट भांडं कसं निघतं? तसंच हे."

"म्हणजे जमीनले आंघोळ घालस का आते?" तो हसला.

घातली. धुण्याची पावडर ड्रममध्ये कालवून ती जागा आम्ही दिवसभर भिजवली. शेजारचा उकिरडा आड येत होता, तोही मीच उपसायला लावला. संध्याकाळपर्यंत वास गेला. विरघळलं म्हणजे गेलं, असं मला वाटलं. ते गेलं होतं, पण खाली.

काही दिवसांनी अक्काची मोटार सुरू झाली की पाटात फेस येऊ लागला. म्हैस पाण्याला तोंड लावेना. गावाने लगेच शोध लावला: अक्काचा मुलगा फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुतो. तो धुवायचाच, सगळेच धुतात. आणि औषध पानाला चिकटावं म्हणून त्यात मिसळतात त्या स्टिकरलाही साबणासारखाच फेस येतो. त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

"पंप इहीरवरच धोस ना तू? मंग फेस येईनच!" पारावर कुणीतरी म्हणालं.

"अक्का, मेथीले बी औषधनाच वास शे का वं?" दुसऱ्याने हसत विचारलं.

मुलगा खाली मान घालून उभा होता. वाईट म्हणजे, हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं. पुढे बाजारातल्या बायकांनी अक्काची जुडी उचलणं सोडलं.

मला शंका आली होती. गोठ्यामागची, साबणाचं पाणी न पोचलेली माती मी कॉलेजात नेली. थोडी साध्या पाण्यात घुसळली, थोडी पावडरीच्या पाण्यात. साधं पाणी निवळलं, त्याला वास जवळजवळ नव्हता. पावडरीच्या पाण्याला तोच उग्र वास आला. ही परीक्षा मी आधी करायला हवी होती.

वर्गात हे मीच शिकवतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. साबण पुरेसा झाला की त्याचे कण एकत्र येऊन पुंजके होतात, आणि पाण्यात न विरघळणारं औषध त्या पुंजक्यांत बसून पाण्याबरोबर चालू लागतं. इतकी वर्षं त्याला जागेवर धरून ठेवलं होतं ते मातीतल्या कुजलेल्या शेणखताने. मी साबणाने ती पकड सोडवली. त्यात उकिरडा उपसताना त्याचा तपकिरी रस त्याच पाण्यात मिसळला. तोही असं औषध थोडंफार वाहून नेतो. आमच्या शेतात हातभर मातीखाली मुरूम आहे, आणि मुरमातून पाणी थेट उताराला लागतं.

हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. भावाशी भांडण होईल, कॉलेजात हसतील, अशी कारणं शोधली. त्याच विहिरीवर अक्काचं घर पाणी पीत होतं. ते पिऊ नका एवढं मी सांगितलं, का ते सांगितलं नाही.

यंदा गावी गेलो तेव्हा अक्का दुसऱ्याच्या शेतात निंदत होती. मळ्यात तण माजलं होतं. कधी आलो ते विचारत, विळा ठेवून ती म्हणाली, "कवय उना भाऊ? च्या पेवाले ये घर."

खरं सांगितल्याशिवाय तिच्या घरचा चहा प्यायचं मला धाडस झालं नाही.

संध्याकाळी तिला आणि तिच्या मुलाला मी पारावर यायला सांगितलं. गेल्या वर्षी हसलेलेही तिथे होते. भाऊही होता. बसून बोलता येईना, म्हणून उभा राहिलो.

"अक्का, इहीर तुन्हा आंडोरनी नही बिघाडी. मी बिघाडी. माले तवयच माहीत व्हतं, तरी मी बोलनू नही. माले माफ कर."

मग तिच्या मुलाकडे वळून हात जोडले, आणि तेच पुन्हा म्हणालो.