जावयाचं कपाट आणि मुंगीची हाडं

आमच्या जावयांची ओळख करून द्यायची तर त्यांच्या टेपपासून सुरुवात करावी लागेल. ते सुतार. लग्नाच्या दिवशीसुद्धा टेप खिशातच होता. फोटोत खिसा फुगलेला दिसतो आणि आमची लेक त्यावरून अजून चिडवते. मी त्यांच्याकडे कायमचा राहायला आलो, तर पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं आणि निघून गेले. मला वाटलं, म्हातारा घरात मावतोय का ते बघतायत. चार दिवसांनी खुर्ची आली. त्या खुर्चीतून उठताना मी आजवर ‘आई गं’ म्हटलेलं नाही.

असा हा मापात राहणारा माणूस मध्यंतरी पार गोंधळून गेला, आणि त्यांच्यामागे आम्हीही.

कारण आमची नात. टेबलावर, खिडकीत, माझ्या खांद्यावर, दिसेल तिथे चढते म्हणून तिचं नाव मुंगी. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी लेकीला मूल नव्हतं. मग दवाखान्यातल्या काचेच्या बशीत हिने जीव धरला. घरात ते कुणी लपवत नाही. मुंगी तर शाळेत सांगून आली, “मी आधी बशीत होते.” वर्गातल्या एकीने विचारलं, “आणि कप?” त्याचं उत्तर ती घरी येऊन मला विचारत होती. मी चौथीपर्यंत शिकलेला, मी काय सांगणार?

दर वाढदिवसाला जावई मुंगीला कपाटाला पाठ लावून उभी करतात, डोक्यावर गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, ठेवून रेघ मारतात आणि बाजूला वय लिहितात. कपाट त्यांच्या हातचं, सागवानी. यंदा आठवी रेघ मारली आणि जावई तिथेच उकिडवे बसले. सातव्या आणि आठव्या रेघेत जेमतेम नखाएवढं अंतर.

“वर्षभरात एवढंच?”

“वाढेल की,” लेक शिलाई मशीनवरून न उठता म्हणाली.

“आधीच्या रेघा बघ. दरवर्षी दोन-अडीच इंच आहे. आणि तो हात?”

हात म्हणजे, मागे झोपाळ्यावरून पडून मुंगीचं मनगट मोडलं होतं. महिनाभरात जुळलंही. तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता रेघेशेजारी ते मनगट येऊन बसलं.

नेमका त्याच आठवड्यात शाळेतून कागद आला. मुंगीला उंच उडीच्या संघात घेतलं होतं, शुक्रवारपर्यंत पालकांची सही हवी होती. जावयांनी कागद खणात टाकला. “हाडं तपासल्याशिवाय सही नाही.” मुंगी दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही, जसा काही खण मीच बनवला होता.

मग जावई मला हळूच म्हणाले, “मामा, रोपवाटिकेत वाढवलेलं झाड आणि माळावरचं झाड, लाकडात फरक पडतो. रंधा फिरवला की कळतं. हिचंही तसंच असेल तर?”

मला हे पटलं. मग वाटलं, पटायला नको होतं.

गुरुवारी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. जावयांनी रोपवाटिकेची गोष्ट त्यांनाही सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली.

“रोपवाटिकेत किती दिवस होती ही? पाच. बाकीचे नऊ महिने आईच्या पोटातच की.”

“पण पायाच तिथे पडला ना?”

बाई हसल्या. “अशा मुलांच्या हाडांवर अभ्यास चालू आहेत. आतापर्यंत काळजी करावी असा फरक दिसलेला नाही. सगळं कळलंय असं मात्र मी म्हणणार नाही.”

“म्हणजे हो की नाही?”

“म्हणजे खाऊ द्या, उन्हात जाऊ द्या, उड्या मारू द्या. उड्या मारल्यानेही हाडं बळकट होतात.”

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. उड्यांनी हाड मोडेल म्हणून आम्ही आलो होतो, आणि ह्या म्हणत होत्या, उड्या मारा. बाईंनी मुंगीची उंची मोजली, जुनं कार्ड काढलं आणि एक तक्ता पुढे केला. त्यावर नांगराने शेतात ओढलेल्या तासांसारख्या वाकड्या रेघा होत्या. मला त्यातलं काही कळलं नाही. पेरणी छान झाल्यासारखी वाटली एवढंच.

“गेल्या वर्षी एकशे पंधरा, आज एकशे एकवीस सेंटिमीटर. उत्तम वाढतेय.”

“तुमची पट्टी चुकतेय,” जावई म्हणाले. “माझं कपाट खोटं सांगणार नाही.”

आता बाई गोंधळल्या. “कपाट?”

जावयांनी खिशातला टेप काढला आणि दवाखान्याच्या भिंतीवरची पट्टी तपासून पाहिली. ती बरोबर निघाली. मग मुंगीला मोजलं. एकशे एकवीस. घरी येईपर्यंत ते टेपकडेच बघत होते. घरी कपाटाशी उभी केली, तर पुन्हा नखाएवढंच अंतर.

“टेपने वाढते, कपाटाने वाढत नाही,” ते म्हणाले. “मामा, कुणावर विश्वास ठेवू?”

“तुम्हाला मुलगी हवीय की टेबल?” लेक म्हणाली. “सही करा.”

मी खुर्चीतून उठायला गेलो आणि माझी काठी सुटून कपाटाखाली गेली. मुंगी पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि काठी काढून दिली.

“आजोबा, आधी इथे माझा हात जायचा नाही. आता डोकंसुद्धा जाईल.”

जावई गुडघ्यांवर बसले आणि वाकून बघितलं. कपाटाच्या चारही पायांखाली दोन-दोन इंचांचे ठोकळे.

“हे कुणी लावले?” लेकीने विचारलं.

“मीच,” ते ठोकळा चाचपत म्हणाले. “फरशी धुतली की पाय भिजायचे. सहा महिने झाले असतील.”

कपाट दोन इंच वर गेलं, त्याच्याबरोबर जुन्या सगळ्या रेघा वर गेल्या, आणि मुंगी बिचारी जमिनीवरच उभी होती.

कुणी हसलं नाही. मी हसलो, पण तोंड खिडकीकडे करून. जावयांनी खण उघडला, सुतारकामाच्या चपट्या पेन्सिलने सही केली, तीही शिक्षकांच्या जागेवर. “पण हाडं बरी आहेत हे कुठे ठरलं? फक्त कपाट उंच आहे एवढं ठरलं,” असं ते जेवतानाही म्हणत होते. ठोकळे काढायचे की सात रेघा खाली आणायच्या, तेही अजून ठरलेलं नाही.

उडीच्या दिवशी ते दांडीची उंची मोजायला मैदानात शिरले. शिक्षकांनी त्यांना हाताला धरून माझ्या शेजारी आणून बसवलं. मुंगी धावत आली तसे त्यांनी डोळे मिटले.

“मामा, पडली का?”

“पडली. दांडीसकट.”

“मग?”

“उठली. वाळू झटकली. परत रांगेत जाऊन उभी राहिली.”

“बरं,” ते म्हणाले, आणि एक डोळा उघडला.