‘मानी तुसेयो’... माझं पहिलंवहिलं कोरियन

काल, रविवारी, टीव्हीवरची सकाळची मालिका संपते न संपते तोच लखनऊच्या महानगर वस्तीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये एक कोरियन भिक्खू जेवायला आले. आणि मी त्यांच्याशी कोरियन बोललो! वऱ्हाडातल्या गावच्या शाळेत शिकलेला, पन्नाशीला टेकलेला मी... अजून माझाच विश्वास बसत नाहीये.

झालं असं, की विहारातले आमचे भन्तेजी महिन्यापूर्वी म्हणाले, श्रावस्तीला निघालेले एक म्हातारे कोरियन भन्ते काही दिवस लखनऊला थांबणार आहेत. एकटेच. हिंदी येत नाही, इंग्रजी नावापुरती. मी लगेच एका दिवसाचं भोजनदान मागून घेतलं.

मला माझी आई आठवली. ती गावाहून पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला हिंदी अजिबात येत नव्हती, दिवसभर खिडकीशी गप्प बसून असायची. मग शेजारच्या भाभी आमच्या हिच्याकडून दोन शब्द शिकून आल्या... ‘जेवलात का?’ आईचा चेहरा असा उजळला! त्या दिवसापासून ती लखनऊची झाली. आपल्या दारात येणाऱ्या या माणसाला निदान तेवढं तरी मिळावं, परकं वाटू नये, एवढीच इच्छा होती.

आमचे भन्तेजी पूर्वी बोधगयेला कोरियन भिक्खूंबरोबर राहिलेले. त्यांना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी मला शिकवलं. पाणी म्हणजे मुल. भात म्हणजे पाप. धन्यवाद म्हणजे काम्साहाम्निदा... लहानपणी पाढे म्हणायचो तसा डोलत डोलत मी ते पाठ करायला लागलो. दहावीतली माझी लेक वैतागली, “पापा, बोर्ड मेरा है इस साल, और रट आप रहे हैं!”

एकदा ऑफिसला जाताना चौकात स्कूटर थांबवली आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, “आन्न्योंग हासेयो!” शेजारचा रिक्षावाला अदबीनं म्हणाला, “नमस्ते, बाबूजी.” म्हटलं, चला... नमस्कार पोचला!

तिकडचे भिक्खू कांदा-लसूण खात नाहीत म्हटल्यावर आमची ही हबकलीच. “मग चव काय माझ्या बांगड्यांतून येणार?” पण केलं सगळं. वरण-भात, पोळ्या, दुधीची भाजी, मुळ्याच्या चकत्या, शेवयांची खीर.

भन्ते दारात आले. मी हात जोडून म्हणालो, “आन्न्योंग हासेयो.” ते एक चप्पल काढलेली, एक पायात, तसेच थबकले... आणि पुढच्याच क्षणी हसून भडाभडा कोरियन बोलायला लागले! मला ओ की ठो कळलं नाही. पण त्यांचा चेहरा... काय सांगू.

जेवायला बसले. पिशवीतून स्वतःचं लाकडी वाडगं काढलं आणि अगदी मौन धरून जेवू लागले. माझं हुकमाचं वाक्य तयार होतं, ‘मानी तुसेयो’, म्हणजे पोटभर जेवा. आपल्याकडे पाहुणा ताटावर हात आडवा धरून ‘बास, बास’ म्हणेपर्यंत वाढायचं असतं. हे तर काहीच बोलेनात. मला वाटलं, संकोचतायत... मानी तुसेयो, भात. मानी तुसेयो, वरण. मानी तुसेयो, पुन्हा भात! उत्साह नुसता उतू चालला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, “अहो, थांबा! घाम फुटलाय त्यांना.”

“लाजतायत गं.”

“लाजत नाहीत. तुम्ही वाढलेलं टाकायचं नाही म्हणून खातायत बिचारे. एक शीत तरी उरलंय का वाडग्यात?”

मी वाकून पाहिलं... खरंच, एकही शीत नव्हतं. माझा डाव हातातच राहिला. ज्यांना परकं वाटू नये म्हणून एवढं केलं, त्यांचाच मी छळ मांडला होता. आणि माफी मागायला कोरियन शब्दही नव्हता माझ्याकडे.

भन्ते शांतपणे वाडग्यात पाणी ओतत होते. मुळ्याची एक चकती त्यांनी मुद्दाम ठेवलेली होती, त्या चकतीनं वाडगं आतून पुसलं, चकती खाल्ली, आणि ते पाणी पिऊन टाकलं. मी बघतच राहिलो. गावाकडे आमचे दादा, म्हणजे वडील, जेवण झालं की असंच ताट धुऊन पाणी प्यायचे. “अन्न आहे, मोरीत कसं टाकायचं?” म्हणायचे.

मग भन्तेंनी माझ्याकडे पाहिलं. भाताच्या पातेल्याकडे बोट केलं, माझ्या तोंडाकडे केलं आणि काहीतरी विचारलं. त्यातला ‘पाप’ मी ओळखला... आणि सगळंच कळलं! ते विचारत होते, जेवलात का?

मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं. ते मोठ्यानं हसले, माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि मला पाटावर बसवलं. “मानी तुसेयो!” भाताचा डोंगर. “मानी तुसेयो!” आणखी एक. लेक पोट धरून हसत होती, “पापा, अब बोलिए ना, बस!”

पण ‘बस’ मला शिकवलंच कुठे होतं? शेवटच्या शितापर्यंत जेवलो. मग ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि प्यायलो... कितीतरी वर्षांनी.

आज सकाळी त्यांना बसमध्ये बसवून आलो. ‘बास’ला कोरियनमध्ये काय म्हणतात ते भन्तेजींना विचारायचं राहिलंच आहे... राहू दे. काम्साहाम्निदा तेवढं येतं मला, आणि आज तेवढंच म्हणायचंय.